मुद्रणस्वातंत्र्य आणि घरचा उंबरठा

“उद्यांपासून हें पत्र आपल्या घरांत नको!” सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या कुटुंबांत हें वाक्य ज्याच्या कानांवर कधींच पडलें नाहीं, असा वाचक विरळा. सकाळचा चहा चाललेला असतो; घरांतील वडील माणूस पहिलें पान उलटून आंतल्या मजकुरावर येतो; आणि ज्या पुढाऱ्यावर, पंथावर किंवा महापुरुषावर त्याची श्रद्धा, त्याविषयीं कांहीं कडू मजकूर दिसतांच पेला खालीं ठेवून हा निकाल सांगितला जातो. धाकटीं माणसें कांहीं बोलत नाहींत. सून पोळ्या लाटतां लाटतां ऐकते. आणि पेपर टाकणाऱ्या पोऱ्यास दुसऱ्या दिवशीं निरोप मिळतो. पुढें तींच वडील मंडळी संध्याकाळच्या बैठकींत, वर्तमानपत्रांना आतां पूर्वींचें तेज राहिलें नाहीं, खरें लिहावयाची कोणाची छाती नाहीं, असा खेद व्यक्त करितात. सकाळच्या निकालाचा आणि संध्याकाळच्या खेदाचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, ही शंकाहि त्यांच्या मनास शिवत नाहीं.

पत्र बंद करण्याचा हक्क प्रत्येक गृहस्थास आहे. पैसे त्याचे आणि डोळेहि त्याचेच. त्या हक्कास आमचा विरोध नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे सरकार आणि संपादक यांची कुस्ती व आपण आखाड्याबाहेर उभे राहून टाळ्या देणारे प्रेक्षक, अशी एक समजूत आपल्या घरांत रूढ झाली आहे. ती आम्हांस अपुरी वाटते. या कुस्तींत तिसरा गडी आहे व तो म्हणजे वाचक. संपादकाचें बळ किती टिकेल हें पुष्कळ वेळां दरबारांत ठरत नसून आपल्या ओटीवर ठरत असतें. प्रस्तुत महिन्यांत या तिसऱ्या गड्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

याला पुण्यांतीलच एक जुनें उदाहरण पुरेसें बोलकें आहे. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ चालला आहे व त्यांत संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशा आशयाचा मजकूर दोन्ही पत्रांनीं छापला. बर्व्यांनीं फिर्याद केली. आरोपास आधार म्हणून जीं पत्रें पुढें करण्यांत आलीं होतीं, तीं बनावट ठरलीं. आणि जुलै १८८२ मध्यें आगरकर व टिळक या दोघां तरुण संपादकांस अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते ऑक्टोबर महिन्यांत सुटले, तेव्हां लोकांनीं त्यांचें स्वागत विजयी वीरांस साजेल अशा थाटानें केलें. हा भाग सर्वांस ठाऊक आहे. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें लिहूनहि ठेवली आहे.

परंतु त्याच हकीकतींतील दोन गोष्टी आमच्या घरांतून फारशा सांगितल्या जात नाहींत. खटला चालू असतां या दोघांस जामीन हवा होता. त्या वेळीं दहा हजार रुपयांच्या जामिनासाठीं पुढें आले ते रामशेट उरवणे. हे गृहस्थ सत्यशोधक समाजाचे, आणि त्यांना पुढें येण्यास सांगितलें तें जोतीराव फुले यांनीं. ब्राह्मणांच्या वर्चस्वावर कोरडे ओढण्यांत जोतीरावांचें आयुष्य गेलें. ‘केसरी’ काढणाऱ्या मंडळींचा आणि त्यांचा मार्ग एक नव्हता, व तो पुढें एक होईल अशी चिन्हेंहि नव्हतीं. तरीहि, संस्थानिकांच्या कारभाराविषयीं निर्भयपणें लिहिणारा माणूस तुरुंगांत जातां कामा नये, एवढें त्यांस कळलें आणि तेवढें त्यांस पुरलें. १८८२ सालच्या दहा हजारांची किंमत आज किती होईल याचा हिशेब वाचकांनीं मनाशीं करून पाहावा.

दुसरी गोष्ट बर्व्यांची. पुरावा खोटा ठरला, याचा अर्थ एका माणसाच्या अब्रूस खोट्या कागदांवरून बट्टा लागला होता. मिरवणुकीच्या गुलालांत ही जाणीव कितपत शिल्लक राहिली असेल, याची आम्हांस शंका आहे. आणि इतकें असूनहि, महाराजांविषयीं लोकांस वाटणारी काळजी अगदींच अस्थानीं होती असेंहि म्हणतां येत नाहीं. कारण पुढल्याच वर्षीं, डिसेंबर १८८३ मध्यें, अहमदनगर येथें देखरेखीखालीं असतांना एका गोऱ्या रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत या दुर्दैवी तरुण राजाचा अंत झाला. कागद खोटे आणि काळजी मात्र खरी, असा हा विलक्षण प्रकार होता. वर्तमानपत्राच्या धंद्यांत असे प्रसंग येतात. संपादकाची चूक न्यायालयांत सिद्ध करावी, त्यास दंड व्हावा, दुरुस्ती छापली जावी, हें सर्व योग्यच आहे. परंतु चूक होते म्हणून लिहिणेंच थांबवावें असें जो म्हणेल, त्याला त्या कैदी राजाची काळजी करणारा आवाजहि थांबवावा लागेल.

खरी परीक्षा अद्याप पुढेंच होती. मतभेद विकोपास गेल्यावर १८८७ मध्यें आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढला. आतां त्यांची लेखणी कोल्हापुरास किंवा मुंबईच्या लाटसाहेबाकडे न जातां सदाशिव पेठेच्या माजघरांत शिरली. बालविवाह, विधवांचें केशवपन, सोंवळेंओंवळें, निरर्थक रूढि यांवर ते लिहूं लागले. ज्या शहरानें तुरुंगांतून आलेल्या आगरकरांस डोक्यावर घेतलें, त्याच शहरांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली. माणूस तोच होता, निर्भयपणा तोच होता, आणि या खेपेस त्यांच्या हातीं बनावट कागदहि नव्हते; होतें तें प्रत्येक घराला दिसणारें सत्य. जून १८९५ मध्यें, वयाचीं एकोणचाळीस वर्षेंहि पुरीं न होतां, ते वारले. ज्या सुधारणांसाठीं त्यांनीं हें सोसलें, त्यांतील बहुतेक आज आपल्या घरांत इतक्या सहज नांदतात कीं त्या कधीं वादाच्या विषय होत्या हेंहि मुलींना सांगावें लागतें.

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें,” ही म्हण आपण मुलांबाळांपुरती वापरतों. वर्तमानपत्रांसहि ती तंतोतंत लागू आहे. परक्याच्या अंगणांत शिरणारी लेखणी आपल्याला स्वतंत्र वाटते व आपल्या अंगणांत शिरतांच तीच बेताल वाटूं लागते. याची आणखी दोन उदाहरणें देतों. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें ‘मूकनायक’ हें पाक्षिक सुरू झालें. शाहू छत्रपतींनीं त्यास अडीच हजार रुपयांचें साह्य केलें. हें पत्र निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊन छापावयासहि ‘केसरी’नें नकार दिला, असें आंबेडकरांनीं स्वतः पुढें नमूद केलें आहे. जें पत्र राजद्रोहाच्या खटल्यांच्या अग्नींतून गेलें होतें, त्यास दुसऱ्याच्या वाणीची किंमत अधिक कळावयास हवी होती. १८८२ सालचा तो जामीन आठवला म्हणजे १९२० च्या या नकाराचें माप ध्यानांत येतें. येथें सरकारचा कोणताहि हुकूम नव्हता, जप्ती नव्हती, पोलिस नव्हते. एका समाजाचा आवाज दाबण्यास दुसऱ्या समाजाचा थंडपणा पुरेसा झाला असता. तो दबला नाहीं, हें त्या संपादकाचें कर्तृत्व.

दुसरें उदाहरण रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचें. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, त्यांनीं तें चालविलें. संततिनियमन व स्त्रीपुरुषांचें आरोग्य हा त्याचा विषय. आणि अश्लीलतेच्या आरोपाखालीं खटले व दंड हें त्याचें फळ. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांची बाजू मांडावयास डॉ. आंबेडकर उभे राहिले; तरीहि कर्वे यांस दंड झालाच. ज्या माहितीसाठीं त्यांस गुन्हेगार ठरविण्यांत आलें, ती आज डॉक्टर नवविवाहित जोडप्यांस समोर बसवून सांगतात व सासूबाई त्या डॉक्टरांचें नांव शेजारणीस सुचवितात.

याचा अर्थ सरकारकडून मुद्रणस्वातंत्र्यास भय नाहीं, असा कोणी घेऊं नये. १८७८ मध्यें लॉर्ड लिटन यानें देशी भाषांतील पत्रांना जखडणारा कायदा केला. इंग्रजी पत्रें त्यांतून मोकळीं होतीं, म्हणून कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’नें एका रात्रींत बंगालीचा वेष टाकून इंग्रजीचा घेतला. टिळकांस १८९७ मध्यें अठरा महिन्यांची व १९०८ मध्यें सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस संप केला. ज्यांतील पुष्कळांना अक्षरहि वाचतां येत नव्हतें, अशा मजुरांनीं एका लेखकासाठीं आपली रोजी सोडावी, ही गोष्ट आम्हां लिहिणाऱ्यावाचणाऱ्यांनीं विसरतां कामा नये. टिळकांवर ज्या कलमाखालीं खटले झाले, तें १२४-अ कलम स्वराज्यांतहि कायम राहिलें. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अंमल स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं न्यायसंहिता आली. तींत राजद्रोह हा शब्द नाहीं. मात्र देशाचें सार्वभौमत्व व ऐक्य यांस धोका आणणाऱ्या कृत्यांविषयींचें १५२ वें कलम आहे, व त्याची व्याप्ति किती असावी याविषयीं वाद आहे.

स्वकीयांच्या राज्यांतहि ही पाळी एकदां पूर्णपणें आली. २५ जून १९७५ च्या रात्रीं आणीबाणी पुकारण्यांत आली. दिल्लींतील पत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यांत आली, व छापण्यापूर्वीं मजकूर तपासून घेण्याची सक्ति झाली. त्या एकवीस महिन्यांत आपल्या वर्गांतील पुष्कळ घरांत एक प्रकारचें समाधान होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत कारकून जागेवर सांपडतात, संप नाहींत, मोर्चे नाहींत, असें आपण एकमेकांस सांगत होतों. परंतु तक्रार छापावयास बंदी असली म्हणजे तक्रार नाहीं असें वाटावें, यांत नवल तें काय? उत्तर हिंदुस्थानांत सक्तीच्या नसबंदीनें गोरगरिबांवर काय गुदरलें, हें आपल्याला पुढें कळलें. आजाऱ्याचें तोंड बांधून ठेवल्यावर घरांत शांतता होते; तिला कोणी आरोग्य म्हणत नाहीं.

त्याहि काळांत महाराष्ट्राची लाज राखणारीं माणसें होतीं. डिसेंबर १९७५ मध्यें कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनीं लेखनस्वातंत्र्याचा उघड पुरस्कार केला, व पुढें त्यांस तुरुंगवासहि घडला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर तपासनिसानें कापला, तेव्हां ते न्यायालयांत गेले. आणि फेब्रुवारी १९७६ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयानें, सरकारवर टीका आहे एवढ्याच कारणास्तव मजकूर कापण्याचा अधिकार तपासनिसास नाहीं, असा निर्णय दिला. मसानींचीं आर्थिक व राजकीय मतें पुष्कळांस मुळींच मान्य नव्हतीं. तो निर्णय मात्र त्या सर्वांच्या उपयोगाचा होता.

आतां कायद्याकडे वळूं. कारण आमचा मुख्य मुद्दा तेथेंच सांपडतो. आपल्या राज्यघटनेंत ‘वर्तमानपत्रांचें स्वातंत्र्य’ असें निराळें कलम नाहीं. एकोणिसाव्या कलमांत आहे तें नागरिकाचें भाषणस्वातंत्र्य व विचार प्रकट करण्याचें स्वातंत्र्य. घटना समितींत डिसेंबर १९४८ मध्यें कांहीं सभासदांनीं ही उणीव दाखविली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं दिलेल्या उत्तराचा भाव असा होता कीं, नागरिकास नसलेला असा कोणताहि खास हक्क वर्तमानपत्रास नाहीं. संपादक लिहितो तो एक नागरिक म्हणूनच लिहितो. वरवर पाहतां हें उत्तर पत्रांचा मान कमी करणारें वाटेल. खोल पाहिलें तर त्यानें आपला मान, आणि आपली जबाबदारीहि, वाढविली आहे. संपादकाचा हक्क आणि आपल्या घरांतील प्रत्येक माणसाचा हक्क हा एकच आहे. त्याचा गेला तर आपला राहत नाहीं.

हा हक्क कोणा एका पक्षाचा नाहीं, हें न्यायालयानें अगदीं आरंभींच दाखवून दिलें. २६ मे १९५० या एकाच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें दोन निर्णय दिले. एक मुंबईहून निघणाऱ्या डाव्या विचारांच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाविषयीं, ज्याला मद्रास सरकारनें आपल्या प्रांतांत बंदी केली होती. दुसरा दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’विषयीं, ज्याच्यावर पूर्वतपासणीची सक्ति होती व जो विचारांनीं अगदीं उलट टोकाचा. दोघांसहि न्याय मिळाला, व दोघांच्याहि बाबतींत तत्त्व एकच लावण्यांत आलें. पुढील वर्षीं पहिली घटनादुरुस्ति करून सरकारनें आपले निर्बंध घालण्याचे अधिकार वाढवून घेतले, हा भाग निराळा. परंतु डाव्याचें पत्र वाचविणाऱ्या निर्णयांतच उजव्याचें पत्र वाचतें, हा धडा त्या एका दिवसानें घालून दिला आहे.

पुण्याच्या ‘सकाळ’ पत्राचा खटला तर प्रत्येक गृहिणीस समजेल असा आहे. वर्तमानपत्राची किंमत जितकी, तितकींच पानें त्यानें द्यावीं, असें ठरविणारा कायदा १९५६ मध्यें झाला व १९६० मध्यें त्याखालीं हुकूम निघाला. हेतु, लहान पत्रांस मोठ्यांच्या स्पर्धेपासून वांचविण्याचा. ‘सकाळ’ त्या वेळीं सात नव्या पैशांस बहुतेक दिवस सहा पानें देत असे. हुकूम पाळावयाचा तर किंमत वाढवावी लागती किंवा पानें तरी कमी करावीं लागतीं. सप्टेंबर १९६१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला. किंमत वाढली तर वाचक कमी होतात, पानें घटलीं तर विचार कमी पोंचतात, आणि पत्राचा खप हाहि विचार प्रकट करण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असें कारण दिलें. सारांश, वाचकाच्या हातीं पत्र पडलें तरच संपादकाच्या स्वातंत्र्यास अर्थ आहे.

यावर एक आक्षेप येईल, व तो वाजवी आहे. आजचीं पत्रें आणि चोवीस तास ओरडणाऱ्या वृत्तवाहिन्या या स्वातंत्र्यास पात्र तरी आहेत काय? २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकींत उमेदवारांचीं गुणवर्णनें परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या दैनिकांतून शब्दशः एकसारखीं प्रसिद्ध झालीं, पी. साईनाथ यांनीं तो प्रकार उजेडांत आणला, व पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविषयीं प्रेस कौन्सिलनें २०१० मध्यें अहवाल दिला. हा व्यभिचार आहे, त्यास दुसरा शब्द नाहीं. परंतु तो उघडकीस कोणीं आणला? एका पत्रकारानेंच, आणि एका वर्तमानपत्रांतूनच. शिवाय या पापांत आपला वांटा किती, हेंहि पाहावें. दैनिक आपल्या दारांत पडतें तें त्याच्या उत्पादनखर्चाहून कमी किंमतींत. राहिलेला खर्च जाहिरातदार भरतो. भाजीच्या जुडीस आपण जितकें मोजतों, तितकेंहि बातमीसाठीं मोजावयाचें नाहीं, महिनाअखेर रद्दी विकून त्यांतलेंहि कांहीं परत मिळवावयाचें, आणि वर संपादकानें जाहिरातदारासमोर ताठ मानेनें उभें राहावें अशी अपेक्षा बाळगावयाची, हा व्यवहार कोणत्या शास्त्रांत बसतो?

आणि आतां तर आपण केवळ वाचकहि राहिलों नाहीं. घरांतील प्रत्येक मोबाईल हा एक छापखाना झाला आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर सकाळच्या सुप्रभातापाठोपाठ जें कांहीं पुढें ढकललें जातें, त्याचे संपादक, मुद्रक व प्रकाशक आपणच असतों. फरक इतकाच कीं संपादकास न्यायालयांत खेंचतां येतें, आणि काका-मामांस कोणी विचारीत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजारीं भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस, मुलें पळविणारे समजून, जमावानें ठेंचून मारलें. त्यापूर्वीं मोबाईलवरून मुलें चोरणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. त्या पुढें पाठविणाऱ्या बहुतेकांच्या मनांत दुष्टावा नसेल. ‘सावध असलेलें बरें’ एवढाच विचार असेल. बनावट कागदांवर विश्वास ठेवण्याची १८८२ सालची चूक दोघां संपादकांस तुरुंगांत घेऊन गेली. तीच चूक आपण रोज करितों व त्याची शिक्षा कोणी भलताच भोगतो.

उलट बाजूहि आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें मुंबईंतील बंदविषयीं फेसबुकावर साधा शेरा लिहिल्याबद्दल व तो पसंत केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींस अटक झाली, आणि एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावानें मोडतोड केली. पुढें मार्च २०१५ मध्यें ज्या कलमाखालीं अशा अटका होत, तें ६६-अ कलमच सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलें. कायद्याची चूक न्यायालयानें सुधारली. दवाखाना फोडणारे हात मात्र कोणत्या कलमानें सुधारावे? २०१७ मध्यें पत्रकारांवरील व पत्रांच्या कचेऱ्यांवरील हल्ल्यांसाठीं तीन वर्षांपर्यंत कैद ठरविणारा खास कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळास करावा लागला. दगड मारणारे हे बहुधा सरकारी नोकर नसतात. ते आपल्यांतीलच कोणी असतात, आणि त्यांना ‘बरें केलें’ म्हणणारे तर निश्चितच आपल्या ओळखीचे असतात.

तेव्हां एकत्र कुटुंबांत करण्यासारखें काय आहे? आमच्या मतें, मोठ्या कुटुंबास या बाबतींत एक सोय अधिक आहे. तेथें तीन पिढ्या एका छपराखालीं असतात व खर्च वांटला जातो. अशा घरानें परस्परांहून भिन्न मतांचीं दोन पत्रें तरी घ्यावीं, आणि तीं योग्य किंमत देऊन घ्यावीं. ज्या मजकुरानें राग आला, तो पत्र बंद करण्यापूर्वीं पुन्हां एकदां वाचून ‘हें खोटें आहे कीं मला आवडत नाहीं?’ एवढा एक प्रश्न स्वतःस विचारावा. खोटें असेल तर पुराव्यानिशीं संपादकास पत्र लिहावें. घरांतील मुलांकडूनच तें लिहवून घेतल्यास त्यांना व्याकरणाबरोबर नागरिकत्वहि शिकावयास मिळेल. मोबाईलवर आलेली बातमी, ती कोठून आली हें सांगतां येत नसेल तर, पुढें पाठवूं नये; घरांतील वडिलांनीं हा नियम प्रथम स्वतः पाळावा. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे जेवणाच्या पंक्तीस नातवानें किंवा सुनेनें निराळें मत मांडलें तर तें पुरतें ऐकून घ्यावें. मग आपलें म्हणणें खुशाल ठांसून सांगावें. ज्या घरांत धाकट्यांस ‘मला तसें वाटत नाहीं’ असें म्हणावयाची सोय नाहीं, त्या घरांतून बाहेर पडलेला मनुष्य न्यायाधीश झाला, अधिकारी झाला किंवा संपादक झाला, तरी दुसऱ्याचें मत त्यास अपमानच वाटणार.

आपल्या मताच्या संपादकावर गुलाल उधळण्यास मोठेंसें धैर्य लागत नाहीं. ज्याचें मत आपणांस पटत नाहीं, ज्यानें आपल्या समाजास, आपल्या पुढाऱ्यास, कदाचित् आपल्या श्रद्धेसहि बोल लावला आहे, तो उद्यां अन्यायानें तुरुंगाच्या दारांत उभा राहिला तर त्याचा जामीन राहण्यास आपल्या घरांतून कोणी उठेल काय? मुद्रणस्वातंत्र्याविषयींच्या आपल्या प्रेमाची कसोटी आमच्या मतें एवढीच आहे. रामशेट उरवणे १८८२ मध्यें तींत उतरले. आपली पाळी अजून यावयाची आहे.